साहेब पोटभर जेवले

कार्तिकातल्या संध्याकाळी अंबरनाथच्या एमआयडीसीकडून वारा सुटला की त्यात एक आंबूस, जिभेच्या मुळाशी रुतून बसणारा दर्प मिसळलेला असतो. तिथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य गेल्यामुळे एरवी तो मला जाणवतही नाही. पण त्या दिवशी आईला रिक्षातून सभागृहाकडे नेताना तो जाणवला आणि बरा वाटला, कारण माझ्या मनातही तसंच काहीतरी आंबत होतं.

त्या दिवंगत नेत्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते चौकाला आहे, पुलाला आहे, रुग्णालयाला आहे. माझ्या कागदाला तरी त्याचा विटाळ नको. त्याच्या आयुष्यातल्या ‘अपरिचित पैलूं’वर त्या संध्याकाळी व्याख्यान होतं, आणि त्यातला सर्वांत लाडका पैलू असा, की बारवी धरणाच्या परिसरातल्या एका गावाबाहेरच्या बौद्धवस्तीत, गरिबाच्या झोपडीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून तो जेवला. ती झोपडी माझ्या आजीची. म्हणूनच आयोजकांनी आईला शोधून काढलं होतं, सत्कारासाठी.

त्या जेवणाची हकिगत आईच्याच तोंडून ऐकत मी लहानाची मोठी झाले. नव्या तांदळाचा भात, त्यावरून निघणारी दुधाळ वाफ, सुकटीचं कालवण, शेजारून मागून आणलेलं पितळी ताट. तो आला, ताटासमोर बसला, हात भाताच्या वर धरला. छायाचित्रकाराचं काम उरकलं, तसा तो उठला. उशीर होतोय म्हणाला. घरातल्या पाण्यालाही त्याने ओठ लावले नाहीत. जीपमध्ये त्याचा स्वतःचा थर्मास होता. आजीने ते ताट घरात कुणाला खाऊ दिलं नाही. ओढ्यापलीकडे जाऊन कुत्र्यांपुढे ओतलं, आणि त्या दिवसापासून घरात त्याचं नाव निघालं की ती उठून बाहेर जायची.

हे सगळं आईने त्या व्यासपीठावर सांगावं, एवढ्यासाठीच मी तिला घेऊन चालले होते. “जसं झालं तसं सांग,” मी रिक्षात दोनदा म्हटलं. “बघू,” एवढंच ती बोलली.

व्याख्याते मधाळ आवाजाचे होते. श्रोत्यांना कुठे गहिवरायचं आणि कुठे टाळ्या वाजवायच्या, हे त्यांच्या विरामांवरूनच कळत होतं. “त्या अनाम माउलीने वाढलेला घास त्यांनी प्रसाद मानला,” असं ते म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतले लोक डोळे पुसू लागले. मी मुठी आवळून बसले होते. मग आईच्या खांद्यावर शाल आली, हातात ध्वनिक्षेपक आला. इतक्या वर्षांचं साचलेलं आता फुटणार, या विचाराने मला विलक्षण, क्रूर म्हणावा असा आनंद होत होता.

“माझ्या आयचं नाव भागीरथी,” आई म्हणाली. “भात तिनं रांधला होता. नवा तांदूळ, वर सुकटीचं कालवण. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. पोटभर जेवले.”

टाळ्यांनी सभागृह भरून गेलं. मी टाळी वाजवली नाही. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

परतताना स्टेशनच्या पश्चिमेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो. मग मला राहवलं नाही. “खोटं का बोललीस? त्या माणसाला देव करून आलीस तू!”

आईने शालीची घडी काखेत दाबली. थकलेली दिसत होती, पण आवाज स्वच्छ होता. “तो देव होवो नायतर दगड, मला काय त्याचं? एवढ्या लोकांसमोर मी काय सांगू, माझ्या आयच्या हातचं त्यानं खाल्लं नाय? एकदा तिनं सोसलं ना? परत कशाला तिला त्या भरल्या ताटापाशी बसवू?”

“पण मग तोच जिंकला.”

“जिंकू दे,” ती म्हणाली, आणि जिना चढू लागली.

मी खालीच उभी राहिले. दिव्याखाली धुक्यासारखा धूसर उजेड साचला होता. त्याच्याविषयीचा माझा द्वेष तसूभरही कमी झाला नव्हता. आईवरचा रागही नाही. उद्या तो घास पुस्तकात छापला जाईल, साक्षीदारासह. तो घास कधी तोंडापर्यंत गेलाच नाही, हे आईनंतर फक्त मला ठाऊक असेल. आणि ते मी चारचौघांत बोलले, तर त्याची अब्रू जाईलच. पण त्या सबंध सभागृहाने नुकतंच जिला नावाने ओळखलं होतं, तिने वाढलेलं ताट तिच्यासमोरून पुन्हा एकदा, माझ्याच हाताने, तसंच भरलेलं उचलावं लागेल.