सटरफटर विभाग

कंपनीतल्या पोरी तिला भिंगवाली मावशी म्हणत. भिंगाखाली चिप धरून खोट काढण्यात तिचा जन्म गेला होता आणि ती सवय घरीही सुटत नाही, अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती. तो बिचारा शाळेची बस चालवायचा. दोघांची म्हातारपणाची पुंजी म्हणजे तिच्या कंपनीचे शेअर. बोनस आला की त्यातच जायचा.

कंपनी फक्त मोबाइलच्या चिप करायची, तोवर मावशीची मान ताठ होती. मग मालकांनी पंख्याच्या, पाण्याच्या मीटरच्या, गाडीच्या ब्रेकच्या, झालंच तर कानातल्या यंत्राच्या चिपही करायला घेतल्या. या नव्या खात्याला सगळे सटरफटर विभाग म्हणू लागले आणि साहेबांनी मावशीला नेमकं तिथेच पाठवलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन तिने फर्मान काढलं, की सगळे शेअर विकून टाका, या कंपनीचं आता काही खरं नाही.

"तुझा राग साहेबावर आहे," नवरा म्हणाला. "शेअरनी काय घोडं मारलंय तुझं?"

शेअर राहिले. मावशी कुरकुरत कामावर जात राहिली.

पुढच्या वर्षी मोबाइलवाल्या बड्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. मोठ्या विभागातली यंत्रं बंद पडली आणि शेअर आपटला. त्याच गिऱ्हाइकावर सगळी भिस्त ठेवणाऱ्या शेजारच्या कंपनीला तर टाळंच लागलं. इथे मात्र घसरण थांबली. मोबाइल खपेनात, तरी लोक ब्रेक दाबतच होते, पाणी वापरतच होते. सटरफटर विभागात दुसरी पाळी सुरू झाली, आणि मोबाइलवाल्या तोऱ्यातल्या पोरी मावशीकडे काम शिकायला आल्या. शेअर हळूहळू सावरला. मावशीचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी तिने नवऱ्याचीही खोट काढली नाही.

रात्री जेवताना मात्र तिचा घास हातातच राहिला.

"अहो, मालकांनी कंपनी एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर ठेवली नाही. आपण मात्र अख्खं घर एका कंपनीच्या भरवशावर ठेवलंय. इथेही टाळं लागलं असतं, तर माझा पगार आणि आपली पुंजी एकदमच गेली असती."

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "निम्मे विकू या?"

"निम्मे," ती म्हणाली. "आणि या वेळी रागाने नाही हं."