उपाशी वजन

प्राण्यांच्या अभ्यासकेंद्रातले मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण मॅडमपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. काम काय, तर चिचुंद्र्या मोजायच्या. मोरीत चीं चीं करत पळते ती थोराड चिचुंद्री नव्हे. ही तिची इवलीशी चुलत बहीण. शेपूट सोडली तर बोटाच्या दोन पेरांएवढी, वजन जेमतेम दोन ग्रॅम. तिच्या भारानं पिंजऱ्याचं दारही पडत नाही. म्हणून कुंपणाकडेला काठापर्यंत डबे पुरून ठेवायचे, ती पळता पळता आत पडते.

जीव एवढासा, पण भूक राक्षसाची. दोनेक तास पोटात काही गेलं नाही तर तिचा कारभार आटोपला. त्यामुळे डब्याडब्यात नाकतोडे टाकायचे आणि सतत फेऱ्या मारायच्या, हा मामांचा नेम. "आधी पोटोबा," असं ते नव्या माणसाला बजावायचे.

स्वतःच्या पोटोबाचंही त्यांना तितकंच अगत्य. त्या दिवशी धाकट्या बहिणीनं जेवायला बोलावलं आणि निघायच्या घाईत शेवटच्या डब्यात नाकतोडे टाकायचे राहिले. आठवलं फाटकाशी. आल्यावर टाकू, असं म्हणून ते पुढं गेले.

"दादा, एवढ्यानं काय होतंय? घे अजून," बहीण म्हणाली. दादांनी घेतलं, पुन्हा घेतलं आणि तिथंच आडवे झाले. परतले तेव्हा उन्हं कलली होती. शेवटच्या डब्यात चिचुंद्री मरून पडली होती. पत्र्यावर तिच्या नखांचे बारीक ओरखडे होते.

काट्यावर ती दीड ग्रॅम भरली.

मॅडमनी भिंगातून तिचे दात पाहिले. "मामा, दात झिजलेत. म्हणजे पूर्ण वाढलेली आहे. इतकी हलकी आपल्याला कधीच मिळाली नव्हती. कमाल केलीत तुम्ही."

मामा नुसताच काटा पुसत राहिले. केंद्रात सगळ्यांना चहा मिळाला, मामांना दोनदा. पुढं जो तो 'सगळ्यात लहान चिचुंद्रीवाले मामा' म्हणू लागला आणि चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांना प्रत्येक हाकेत टोमणा ऐकू येई. त्या ओरखड्यांची त्यांना फार लाज वाटत होती. तो डबा त्यांनी पुन्हा पुरला नाही.

मग एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "आज ते वजन छापायला पाठवते."

"नका पाठवू, मॅडम. ती लहान नव्हती. उपाशी होती." आणि मामांनी नाकतोड्यांपासून झोपेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी नोंदवही पुन्हा उघडली. "तरीच लांबी इतरांएवढी. मला वाटलं, अंगानंच बारीक असेल." मग म्हणाल्या, "इतके दिवस गप्प बसलात, मामा."

"तुम्ही खूश होता."

मॅडमनी वहीतल्या त्या वजनावर काट मारली. मामांनी विचारलं, "खाल्लं असतं, तर किती भरली असती?"

"दोन ग्रॅम. बाकीच्यांसारखीच. पकडून, मोजून सोडून दिली असती आपण."

दुपारी घरी बायकोनं ताट वाढलं. मामांनी एक घास हातात घेतला आणि परत ठेवला.

"अहो, बहिणीकडचं जेवण अजून जिरलं नाही वाटतं?" ती हसत म्हणाली.

"नाही," मामा म्हणाले.