जागा धरणारा मेहुणा

आमच्या मेहुण्याएवढा हुशार माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नाही आणि त्याच्याएवढा बावळटही नाही. दोन्ही जागा हा पठ्ठ्या एकटा अडवून बसला आहे. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करा म्हटलं, तसा चिखलीत आमच्या वरच्या खोलीत जो येऊन बसला, तो बसलाच. खोली रंगवायला माणसं आली तेव्हा म्हणतो, "माह्या भवतालून रंगवा." आणि त्या शहाण्यांनी रंगवली! त्याच्या टेबलामागे भिंतीचा जुना रंग अजून तसाच आहे. लग्नाच्या पंगतीत "सरका थोडं" म्हटलं की सगळी पंगत सरकते, हा नाही. आधी पलीकडची जागा हातानं चाचपणार, मग पत्रावळ तिकडे नेणार, मग द्रोण, मग पाण्याचा ग्लास, आणि सगळं सुखरूप पोचल्याची खात्री पटली की मग स्वतः उठणार. तोवर वाढपी गरम वरणाची बादली धरून तिष्ठत उभा. "अबे, सरक ना!" मी खेकसलो, तर मलाच शिकवतो, "भाऊजी, पह्यली जागा सोडली आन् नवी नाई भेटली, तं जेवाचं कुठं?"

हा काम काय करतो, ते मी एकदा विचारलं आणि माझी अख्खी दुपार गेली. संगणकात एकच काम अनेक हातांनी एकदम उरकायचं असतं म्हणे. त्यासाठी एक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामांची. तिच्यात मेमरीचा एखादा तुकडा खिळवून ठेवता येतो, म्हणजे संगणकानं तो परस्पर हलवायचा नाही. हा खिळवलेला तुकडा अपुरा पडला तर मोठा करून द्यायचा, आणि मोठा करताना खिळा निसटू द्यायचा नाही. बस्, एवढंच! एवढंसं काम हा गेल्या दिवाळीपासून करतो आहे. अहो, तेवढ्यात समोरच्यांचं घर बांधून वास्तुशांतीसुद्धा झाली. तिकडे परदेशात बसून तपासणारे लोक याचं काम परत पाठवतात, आणि याला राग येईल तर शपथ. "त्यायचं बराबर हाय," म्हणतो. मग याच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो.

त्यात याच्या लग्नाचा घोर. वय वाढत चाललेलं, स्थळं येईनात, आणि सासूबाई फोनवर रडायच्या ते माझ्यापाशी. शाळेत मराठी शिकवत असल्यानं चार गावांत माझी ओळख आहे. शब्द टाकून संग्रामपूरचं एक स्थळ जुळवत आणलं. मुलगी बी.एस्सी. झालेली, माणसं चांगली. एसटीत बसल्यापासून मी याला बजावत होतो, "कामाचं विचारलं तर कंपनीत आहे म्हण, आणि गप पोहे खा."

पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पावने, काम काय करता?"

"जागा धरून ठेवतो," हा म्हणाला. "मंग ती वाढवतो."

मुलीचे वडील माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, पोरगं ई-क्लासवर अतिक्रमन करते काय?" गावातल्या सरकारी जमिनी बळकावणाऱ्यांशी या गृहस्थाचं उभं वैर! "नाही हो, संगणकातली जागा!" मी सावरायला गेलो, पण आमचे चिरंजीव रंगात आलेले.

"समजा, खिडकीतून दुपट्टा टाकून तुमी एसटीत सीट धरली. मंग घरची आनखी मानसं आली. शेजारी जागा नाई, म्हनून सारे मांगच्या मोठ्या सीटवर गेले. तिथंबी दुपट्टा टाका लागते, नाई तं कोनीबी उठवते. आमची लायब्ररी ते इसरत होती. ते मी नीट केलं."

सगळ्यांनी, न कळलेल्या कीर्तनाला डोलवतात तशा, माना डोलवल्या. ट्रे धरून उभी असलेली मुलगी तेवढी बोलली, "मंग पह्यल्या सीटवरचा दुपट्टा काढला काय?"

याचा चमचा हवेतच राहिला. "नाई काढला," हळूच म्हणाला. आणि पिशवीतून लॅपटॉप काढून उघडला! मुलगी समोर उभी, पोहे गार होताहेत, आणि हा टकटक करत बसला. तिचं नाव नाही विचारलं, मान वर नाही केली. "पावन्यायले कामाची लय घाई दिसते," वडील म्हणाले आणि उठून गेले. नकार आमच्याआधी चिखलीत पोचला. परतीच्या वाटेवर मी याला जे जे बोललो ते मराठीच्या मास्तराला शोभणारं नव्हतं.

काही दिवसांनी हा खाली आला. "भाऊजी, घेतलं त्या तपासनाऱ्यायनं माह्यं काम. जुन्या जागेचा खिळा निघतच नव्हता. तिनं इचारलं तेच चुकत होतं. तिले सांगान काय?" मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "आजलोक माह्या कामाचं पुढचं कोनी इचारलंच नाई. मी तिच्याशी बोलाले पायजे होतं." त्याचे डोळे भरले होते, आणि मला भयंकर संताप आला. आता सांगून काय लोणचं घालायचंय? पण ओसरीवर जाऊन फोन लावला.

मुलीनंच उचलला. मी निरोप सांगितला. "मले मालूम हाय, गुरुजी," ती म्हणाली. "त्यायनं लॅपटॉप उघडला तवाच समजलं."

"तुला राग नाही आला?"

"बाबाले आला. मले तं बरं वाटलं."

"मग बोलली काऊन नाहीस गं, पोरी?" माझा आवाज चढलाच.

"मले कोनी इचारलं कुठं?" ती म्हणाली. "परवा माह्यं साक्षगंध झालं."

तिचं म्हणणं खरं होतं. मध्यस्थ म्हणून मिरवणाऱ्या मीही तिला विचारलं नव्हतं. फोन ठेवून आत आलो तर हा दारातच उभा. "काय म्हनली?"

"तिला तेव्हाच कळलं होतं म्हणाली. राग नाही आला तिला."

"हाव?" त्याचं तोंड असं फुललं, की साखरपुडा झाल्याचं मी सांगितलंच नाही. "मंग भाऊजी, एकडाव परत जाऊ ना आपन संग्रामपूरले! या टायमाले मी बोलतो तिच्याशी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, "चल, आधी जेवून घे."