उसनी गोळी

मेंदूच्या डॉक्टरांकडे मी नंबरची वाट बघत होते. समोरच्या मुलीने डोकं दुखतं म्हणून कपाळाला ओढणी करकचून बांधली होती. तिच्या शेजारच्या अनोळखी काकूंना ते बघवेना. त्यांनी पर्समधून एक गोळी काढली.

"अर्धशिशी ना? घे. माझ्या ऑपरेशनच्या वेळची उरलीये, अफूसारखी जबर आहे. लगेच गुण येतो."

आपल्याकडे विरजण मागितल्यावर देतात, औषध न मागता.

मुलगी तळहातावरच्या गोळीकडे बघत बसली. इतकं दुखत असताना ही थांबली कशाला, मला कळेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "नको काकू. मला फिटही येतात. अशा गोळीने फिट येऊ शकते, असं डॉक्टर म्हणालेत."

डोकेदुखी चारचौघांत ओढणीसकट मिरवता येते. फिट मात्र घरातसुद्धा कुजबुजत सांगायची. गोळी परत करायची म्हणून तिला ती गोष्ट सगळ्यांदेखत सांगावी लागली.

आता काकू लांब सरकणार, असं मला वाटलं. त्या हलल्या नाहीत. फक्त बाकाखालची आपली चप्पल त्यांनी पायाने जवळ ओढली. फिट आलीच, तर हुंगवायला हाताशी असावी.

मुलीने ते पाहिलं. ओढणीची गाठ धरून ती हसली.

"काकू, चप्पलपण नको."