शाफ्टावरचा शेंदूर

सोमारीबाई कुणाला घाबरत नाही, असं धानोऱ्याकडच्या आमच्या गावात सगळे म्हणत. मला ते खरं वाटत नाही. घाबरत तीही असेलच, पण घाबरून गप्प बसणं तिला कधी जमलं नाही.

तिच्या घराकडे मेढीच्या पूजेचा मान होता. मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. त्याच्याभोवती बैल फिरवून धान मळायचं, आणि पूजा झाली की रास उचलेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. हा मान सासूने मरताना सोमारीच्या हाती दिला होता. एरवी तिच्या तोंडाला कंटाळलेलं गाव त्या दिवशी तिच्यापुढे वाकायचं.

पंच्याऐंशी साली खळ्यावर पहिल्यांदा थ्रेशर आलं. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा शाफ्ट ते फिरवी. बैल गेले, मेढ गेली. मग पूजा कशाची करायची? गावातल्या सुना ज्यांना मामाजी म्हणत ते गावचे जाणते सुकलू म्हणाले, मध्ये फिरतो तो शाफ्ट, तीच आता मेढ. सोमारीने शाफ्टाच्या दोन्ही सांध्यांना शेंदूर थापला.

या सांध्यांना ड्रायव्हर लोक क्रॉस म्हणतात. आठेक तास काम झालं की त्यांना ग्रीस मारावंच लागतं, हे मुलचेऱ्याहून आलेल्या पोचू ड्रायव्हरला पक्कं माहीत होतं. पण पूजलेल्या वस्तूला परगावच्या माणसाने हात लावायचा कसा? त्याने ग्रीसगन मुकाट्याने सीटखाली सारली.

तिसऱ्या दिवशी क्रॉसमधून लाल भुकटी गळू लागली. लोक खूश. देवाने पूजा घेतली, शेंदूर वर आला, म्हणून सुकलूंनी नारळ फोडायला लावला. सोमारी शाफ्टाच्या अगदी जवळ उभी राहून पेंढ्या टाकायची. जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टर बंद झाल्यावर तिने ती भुकटी बोटावर घेतली. शेंदूर तेलकट असतो. ही कोरडी, खरखरीत होती, आणि क्रॉसला बोट लागताच चटका बसला. तिने पोचूला खडसावून विचारलं. तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितलं, की आतलं लोखंड कोरडं घासून गंज बाहेर येतोय. असंच चाललं तर क्रॉस तुटेल आणि फिरता शाफ्ट उसळून जवळच्या माणसाला झोडपेल. जवळ उभी होती सोमारी, आणि तिच्या मागे पेंढ्या देणाऱ्या बायका.

तिने पदराचं टोक ओलं केलं आणि शेंदूर पुसायला घेतला. सुकलू धावत आले. रास उचलायच्या आधी मेढ पुसलीस तर मान तुझ्या घरात राहणार नाही, असं त्यांनी बजावलं. सुकलू बोलले की करत, हे तिलाही ठाऊक होतं.

"घ्या मान," सोमारी म्हणाली. "देव माहा हाये, मामाजी. त्याले मीच बसवलं, मीच उठवीन. पन हे सुकं फिरत राह्यलं तं मी पेंढी टाकत नाई, आन् या बायांलेबी टाकू देत नाई."

पोचूने ग्रीस मारलं. आधी लालकाळा चिखल निघाला, मग चारी बाजूंनी ताजं ग्रीस दिसलं, तेव्हाच तिने त्याला थांबू दिलं. त्यानंतर रोज सकाळी पहिल्या पेंढीआधी ती समोर उभी राहून ग्रीस मारून घेई. रास नीट उचलली गेली. कुणाला काही झालं नाही.

काही झालं नाही, म्हणूनच मान गेला. शाफ्ट तुटला असता तर तिचं खरं ठरलं असतं. पुढच्या वर्षी सुकलूंची सून सीता पूजेला बसली. तिने शेंदूर ट्रॅक्टरच्या बोनेटला लावला, क्रॉस मोकळे ठेवले. सगळ्यांनी ते पाहिलं, पण सोमारीचं नाव कुणी काढलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

एकदा मी तिला विचारलं, बाई, सासूने दिलेला मान गेला, त्याचा सल नाही का?

"हाये ना. रोज हाये," ती म्हणाली. "पन पुन्हा तसं झालं तं पुन्हा पुसीन."