हवानाला सोड्यांचा वास

डॉक्टर श्रीनिवास टिपणीस मँचेस्टरच्या एका इस्पितळात रजिस्ट्रार म्हणून वर्षानुवर्षं राबत होते, आणि त्यावरची कन्सल्टंटची जागा दर वेळी कुणा गोऱ्याच्या पदरात पडत होती. १९७२ साली पुन्हा एक जागा निघाली. कुणीतरी अक्कल शिकवली, की निवड समितीत डॉक्टर हॅलम आहेत आणि हॅलमना सिगारचा भारी शौक. झालं. ज्या गृहस्थाने जन्मात विडी ओढली नव्हती, तो सिगारच्या दुकानात शिरला.

दुकानदाराने पेटीआधी घराणंच काढलं. क्युबातला कुणी सरदार, त्याचा तंबाखूचा मळा, हाताने सिगार वळणारे कारागीर आणि त्यांना काम करताना कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस. शिवाय यंदा मोजक्याच पेट्या निघालेल्या. लग्न जमवतानाही कुणी इतकी कुळकथा सांगत नाही. टिपणिसांनी मान डोलावून पेटी घेतली. "थंड, दमट जागी ठेवा," दुकानदाराने बजावलं.

घरातली सगळ्यात थंड, दमट जागा म्हणजे जिन्याखालचं कपाट. प्रमोदिनीबाईंनी पेटी तिथे ठेवली. मुंबईहून आलेले सोडेही तिथेच होते, वाळवलेल्या कोळंबीच्या वासाने शेजारीण नाक मुरडते म्हणून दडवलेले. नाताळपर्यंत दोघांचा संसार सुखाने चालला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी टिपणिसांनी पेटी उघडली आणि तशीच बायकोपुढे धरली.

"अगं, वास बघ हिचा."

प्रमोदिनीबाईंनी हुंगून पाहिलं. "चांगला येतोय की."

दुकानं बंद झालेली. पेटी तशीच हॅलमच्या घरी न्यावी लागली. हॅलमनी एक सिगार नाकाखालून फिरवली, डोळे मिटले. टिपणिसांचा जीव टांगणीला.

"समुद्र," हॅलम म्हणाले. "हवानाचं बंदर. याला पिढ्यांची परंपरा लागते, टिपणीस. ती विकत मिळत नाही."

ती नुकतीच विकत आणलेले टिपणीस तरंगत घरी आले. त्या रात्री सोड्यांची खिचडी झाली.

जानेवारीत मुलाखती झाल्या आणि जागा पीटर्सला मिळाली. पाठीच्या कण्यात सुई कशी घालायची, हे त्याला टिपणिसांनीच शिकवलं होतं. "तुमचं काम उत्तम आहे," हॅलमनी समजूत काढली, "पण या जागेला मागे काही परंपरा लागते." टिपणिसांना इतका संताप आला की कान तापले. तोंडाने मात्र ते "थँक यू, सर" म्हणाले. सवय वाईट.

संध्याकाळी हॅलमच्या खोलीत पीटर्सच्या नावाने शेरी झाली. पीटर्सने एक पेटी पुढे केली. "सरांनी बक्षीस दिली. घ्या ना."

पेटी टिपणिसांना ओळखायची गरजच पडली नाही. वास आधी पोचला.

"जपून ओढा," हॅलम म्हणाले. "तुमच्याकडे ही चव कुणाला ठाऊक नसते."

"सर, हा वाळवलेल्या कोळंबीचा वास आहे. आमच्या जिन्याखालच्या कपाटातला."

सगळे मनमुराद हसले. "त्याला नाक लागतं, टिपणीस," हॅलमनी पाठीवर थोपटलं आणि पुन्हा एक झुरका घेतला.

घरी प्रमोदिनीबाईंनी दार उघडलं. जागेचं विचारायचं होतं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी नुसता कोट घेतला आणि हुंगला.

"अहो, सोडे कुणाकडे खाल्लेत?"

"पीटर्सच्या पार्टीत," टिपणीस म्हणाले. "त्याला जागा मिळाली."