ताई पाह्यत नाई

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते.

पोंभुर्ण्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. काम चोख, कुणालाही विचारा. पद्धतही ठरलेली — आधार असो की जातीचा दाखला, "पाठव माझ्या नंबरवर" म्हणायचं, कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि भरून टाकायचं. लोक डोळे झाकून पाठवतात.

वैशालीनेही तिचा फोटो असाच पाठवला. आमच्याच गावची, ताडोब्याजवळ मोहर्लीच्या एका रिसॉर्टात कामाला असलेली पोरगी. तिचा नको तसा फोटो तिच्या फोनमध्ये होता तसाच जुन्या मित्राकडेही होता, आणि तो सगळीकडे टाकीन म्हणून धमकावत होता. तसं झालं तर आपलं लग्नच जमायचं नाही, ही तिची धास्ती. असे फोटो आधीच अडवायची सोय असते. एका वेबसाइटवर फोटोचा, बोटाच्या ठशासारखा, एक डिजिटल ठसा तयार होतो, तो सोशल मीडियाच्या कंपन्यांकडे जातो, मग तोच फोटो कुणी टाकायला गेलं की अडतो. ठसा आपल्याच फोनवर होतो, फोटो कुणाच्या हाती द्यावा लागत नाही. त्या वेबसाइटवर तसं स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं? छे! हाताला सवय लागलेली — "पाठव माझ्या नंबरवर."

"ताई, मशीनच पाह्यते ना? माणूस नाई ना पाह्यत?"

"मशीनच वं," मी म्हटलं.

काम झालं, ती गेली. मग मी तो फोटो उघडला — मोठा करून पाहिला. का? गरज नव्हती. पाहायचा होता म्हणून पाहिला. मनात म्हटलं, ही अशी आहे होय! मग पुसून टाकला, आणि पुसला म्हणजे संपलं असं धरून चालले.

संपलं कुठे? पुढे माझ्या धाकट्या भावासाठी तिचंच स्थळ आलं. भावाला ती आवडली होती, आईलाही. आडवी आले ती मी.

"काऊन वं?" आईने विचारलं.

"रिसॉर्टातली नोकरी. आपल्याले नाई जमत," मी ठासून सांगितलं. माहेरी माझा शब्द चालतो. नकार गेला.

फोटो बाहेर कुठेच आला नाही. कंपन्यांनी अडवला की तो पोरगाच घाबरला, कोण जाणे. पण ज्या फोटोपायी लग्न मोडेल म्हणून ती माझ्याकडे आली, त्याच फोटोपायी ते मोडलं — आणि मोडलं मी. मला याची लाज वाटते, खूप वाटते.

तिला यातलं काही ठाऊक नाही. अजूनही दुकानात येते, हसून बोलते. परवा एक नवीन पोरगी काउंटरपाशी येऊन उभी राहिली, फोन छातीशी घट्ट धरून. म्हणाली, "वैशालीनं धाडलं मले. म्हणे, ताई पाह्यत नाई."

फोन मी तिच्याच हातात राहू दिला, आणि काय करायचं ते लांबून सांगितलं. वैशालीला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.